आमची गुरुवारची खोली उघडा: महापालिकेच्या आरोग्य विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त आणि मा. आरोग्य अधिकारी,
महानगरपालिका

विषय: बालविकास केंद्रातील पालकांचा कलावर्ग बंद केल्याबाबत

स. न. वि. वि.

विकासात अडचणी असलेल्या मुलांसाठीच्या तुमच्या बालविकास केंद्रात दर गुरुवारी अकरा ते एक पालकांचा वर्ग भरायचा. आत मुलांची थेरपी चालू असायची आणि एरवी बाहेरच्या बाकड्यावर ताटकळणारे आईबाप, आज्या, एखादा मामा बाजूच्या खोलीत बसून गोधडी शिवायचे, गाणी म्हणायचे, चित्रं रंगवायचे, जुन्या मोज्यांच्या बाहुल्या करायचे. गेल्या महिन्यात पाण्याच्या कूलरवर एक कागद चिकटवलेला दिसला: उपचाराशी थेट संबंध नसलेले उपक्रम पुढील आदेशापर्यंत बंद. खाली सही, शिक्का. पुढच्या गुरुवारी खोलीला कुलूप होतं. आता त्या खोलीत जुन्या केसपेपरचे गठ्ठे आणि मोडक्या खुर्च्या आहेत.

हे पत्र मी रीतसर आवक-जावकमध्ये दिलं आहे आणि पोच घेतली आहे. तरी ते चारचौघांत ठेवते आहे, कारण असं कुलूप दुसऱ्या शहरातल्या केंद्रालाही लागू शकतं आणि तिथल्या पालकांना वेळेत बोलता यावं. शहराचं आणि केंद्राचं नाव मात्र मुद्दाम लिहिलेलं नाही. केंद्रातल्या थेरपिस्ट मुली कंत्राटावर आहेत. त्यांच्यापैकी एकीलाही या पत्रापायी कुणी केबिनमध्ये बोलावू नये, एवढी काळजी मला घ्यावी लागते.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. दिवस भरायच्या बरंच आधी झाला, पेटीत राहिला, आणि वर्ष उलटलं तरी बसेना तेव्हा सीपीचं, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचं निदान झालं: मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने हालचालींवर होणारा परिणाम. डॉक्टरी भाषेत स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे हातांपेक्षा पाय जास्त ताठ. डोकं तल्लख आहे. शहरातल्या बसचे नंबर त्याला पाठ आहेत आणि तोंड क्षणभर बंद नसतं. त्याच्या जन्माआधी मी एका सीएच्या ऑफिसात काम करायचे, त्यामुळे ऑडिटचा आक्षेप काय असतो, खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा यावर माणसं कशी अडून बसतात, हे मला चांगलं माहीत आहे. त्याकडे पुढे येतेच.

आधी एक साधा हिशेब. आठवड्याचे तास १६८. पाऊण-पाऊण तासाच्या दोन सेशनमध्ये मिळून दीड तास माझा मुलगा तुमच्या थेरपिस्टच्या हातात असतो. बाकीचा सगळा वेळ तो आमच्या हातात असतो. त्या वेळात काय करायचं याचा एक कागद आम्हाला मिळतो, त्याला होम प्रोग्रॅम म्हणतात. स्ट्रेचिंग, स्टँडिंग फ्रेम, बुटांआधी पायात चढवायची प्लास्टिकची स्प्लिंट, कसं बसवायचं, कसं उचलायचं. मुलामध्ये जो काही फरक पडतो तो मुख्यतः या कागदावर पडतो, असं तुमचेच डॉक्टर पहिल्या भेटीत सांगतात. म्हणजे तुमच्या केंद्राचा सगळ्यात मोठा थेरपिस्ट तुमच्या पगारपत्रकावर नाही. तो घरी आहे, बहुधा ती आहे, आणि रात्री दोन-तीनदा उठून मुलाची कूस बदलून दिल्यावर सकाळी सहाला ती कामाला लागते.

आता मांडीच्या मागच्या स्नायूचं स्ट्रेचिंग घ्या. पाय सरळ करून वर उचलायचा, ३० सेकंद धरून ठेवायचा, सोडायचा, परत धरायचा. दोन्ही पायांना, दिवसातून दोन वेळा. कागदावर ही एक ओळ आहे. प्रत्यक्षात दहाव्या सेकंदाला मूल रडायला लागतं, आणि सीपीच्या मुलाला रडू आलं, भीती वाटली, ताण आला की त्याचे स्नायू आणखी ताठ होतात. हे मला केंद्रातच शिकवलं गेलं. पाय ताठला की माझे हात घट्ट होतात, हात घट्ट झाले की तो जास्त घाबरतो. घड्याळ बघत आकडे मोजणारी आई आणि किंचाळणारं मूल, शेजारच्या फ्लॅटमधून भिंतीवर थाप. असं कितीतरी घरांत चालतं आणि मग एक दिवस स्ट्रेचिंग बंद पडतं. फाइलमध्ये नोंद होते: पालकांचं सहकार्य कमी.

गुरुवारच्या वर्गात पारनेरकडच्या एक आजी यायच्या, नातवाला घेऊन. लहानपणी जात्यावर बसलेल्या. त्यांनी आम्हाला ओवी म्हणायला लावली. त्यांचं म्हणणं साधं होतं: मोजू नका, म्हणा. एक ओवी घोळवून दोनदा म्हटली की ३० सेकंद सहज निघून जातात. आणि ओवी म्हणायची तर श्वास लांब सोडावा लागतो. श्वास लांब सोडणाऱ्या बाईचे हात आवळलेले राहू शकत नाहीत. माझा मुलगा आजही स्ट्रेचिंगला कुरकुरतो. पण आता तो ओवी संपायची वाट बघतो, आणि मी मध्ये थांबले तर पुढची ओळ तोच म्हणतो. त्याच्या पायाचा कोन किती अंशांनी वाढला ते तुमच्या फिजिओच्या वहीत असेल. माझ्या घरात स्ट्रेचिंग रोज होऊ लागलं, एवढं मी सांगू शकते.

त्या ओव्या जुन्या नव्हत्या, आम्हीच रचलेल्या होत्या. एक आजींचीच आहे:

लेकराच्या पायी, पांढरी गं पट्टी
माझी कुणासंगं, सांगा बाई गट्टी

आणि दिव्यांग प्रमाणपत्रासाठी हेलपाटे घालून दमलेल्या एका आईची ही दुसरी, जी म्हणताना पोट धरून हसू येतं:

दाखल्याच्या पायी, झिजल्या वहाणा
साहेब म्हणतो, उद्या बाई या ना

साहेब, राग मानू नका. ही ओवी तुमच्यावर नाही, दुसऱ्या खिडकीवर आहे.

महाराष्ट्रात हे नवीन नाही. खेड्यापाड्यांतल्या बायकांनी म्हटलेल्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या संशोधकांनी गोळा केल्या आहेत. माहेर, सासर, नवऱ्याचा मार, लेक सासरी जाणं, गेलेलं मूल, सगळं त्यात आहे. पहाटे दळताना बाई जे बोलायची ते दिवसभरात कुणापाशी बोलायची सोय नव्हती. जातं गेलं, पिठाची गिरणी आली, कष्ट वाचले, फार बरं झालं. बोलायची जागा मात्र तिच्याबरोबरच गेली आणि तिच्याऐवजी काही आलं नाही. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर सुविचार येतात.

गोधडीचं सांगते. आमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकीच्या घरात मुलाच्या लहान झालेल्या कपड्यांचं एक बोचकं असतं, जे टाकवत नाही आणि उघडवतही नाही. वर्गात ती बोचकी आली. कॉर्डरॉय, टॉवेलचं कापड, जुनी पैठणी, स्वेटरचा तुकडा, झबल्याचं मलमल. ज्या बाईंना खरोखर शिवता येत होतं, त्यांनी बाकीच्यांना धावदोरा शिकवला. अशा वाकळीवर मुलाला पालथं घातलं की त्याच्या हाताखाली दर वितीला वेगळा स्पर्श येतो. ओटीवाल्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या मॅडमनी ते बघून त्यांच्या दोन मुलांसाठी मागून घेतली. म्हणजे ज्याला नोटिशीत उपचाराशी संबंध नसलेला उपक्रम म्हटलं आहे, त्याचं उत्पादन तुमच्या ओटी रूममध्ये जमिनीवर अंथरलेलं आहे. बघून घ्या.

आणि शिवताना माणूस बोलतो. समोरासमोर खुर्च्या मांडून 'तुमच्या मनात काय आहे ते सांगा' असं विचारलं तर आमच्यातली अर्धी माणसं उठून जातील. खाली मान घालून सुईत दोरा ओवताना मात्र एक जण म्हणाली, की गरोदर असताना मी ग्रहण पाळलं नाही म्हणून असं झालं, असं सासूबाई म्हणतात, आणि मलाही कधीकधी तसंच वाटतं. खोलीतल्या आणखी तिघी-चौघींनी माना वर केल्या, कारण त्यांनाही असंच काहीतरी ऐकवलेलं होतं. चित्रकलेच्या निवृत्त बाई हा वर्ग घ्यायच्या. त्यांनी त्यावर उपदेश केला नाही. केंद्रातल्या डॉक्टरांना बोलावून सीपी कशाने होतो आणि कशाने होत नाही हे सगळ्यांना समजावून सांगायला लावलं. ती आई चार वर्षं हे ओझं घेऊन केंद्रात येत होती, आणि केसपेपरवर त्याची कुठेही नोंद नव्हती.

बापांबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. तुमच्याच सफाई विभागातले एक कर्मचारी रात्रपाळी करून मुलाला घेऊन यायचे. मूल ऑटिस्टिक, हाक मारली तरी न बघणारं. हे गृहस्थ पहिले कितीतरी गुरुवार दाराशी उभे राहायचे. मग कुणीतरी त्यांना विचारलं आणि कळलं की ते हलगी वाजवतात. हलगी त्या खोलीत फार मोठी होईल आणि मुलांना तो आवाज सोसणार नाही, म्हणून त्यांनी टेबलावर बोटांनी ठेका धरला. मुलगा एका ठेक्यावर थांबायचा, दुसऱ्यावर जागच्या जागी उड्या मारायचा. काही आठवड्यांनी तो बापाचा हात धरून टेबलावर नेऊन ठेवायला लागला, म्हणजे वाजव. ज्यांच्या घरात अशी मुलं नाहीत त्यांना यात काय मोठं, असं वाटेल. स्पीच थेरपिस्टला विचारा. मुलाने स्वतःहून मागणं म्हणजे संवादाची सुरुवात, आणि ती त्या दोघांत झाली.

सगळ्यांना सगळं जमलं असं मी म्हणणार नाही. दोन आयांना वर्ग आवडला नाही; त्यांना त्या दोन तासांत बाकड्यावर झोप हवी होती आणि ती त्यांची गरज खरीच होती. मातीकाम फसलं, कारण हात धुवायला नळ नाही. एका आईची अवस्था गाण्या-चित्रांच्या पलीकडची होती, तिला मानसोपचारतज्ज्ञ आणि औषधं लागली. तिला तिथवर नेलं ते मात्र वर्गातल्याच बायकांनी, कारण ती तीन आठवडे नुसता काळा रंग फासत बसलेली त्यांनी पाहिली होती. केंद्रातल्या दुसऱ्या कुणाला ते दिसायचं कारणच नव्हतं. आईकडे बघणं हे तिथे कुणाचंच काम नाही.

आता तक्रारी.

निर्णय घेताना कुणाला विचारलं नाही, ही पहिली. वर्गाचं हजेरीपुस्तक आहे. त्यात आमची नावं, सह्या, आठवड्याला काय केलं याची नोंद आहे. ते कुणी मागितलंच नाही. ज्या अधिकाऱ्याच्या सहीने वर्ग बंद झाला, त्यांनी तो भरलेला कधी पाहिलेला नाही. नोटीसही 'सर्व मातांसाठी' अशी काढली, जणू बाप येतच नाहीत.

दुसरी, कारण. तोंडी कळलं ते असं, की ऑडिटमध्ये बाईंच्या मानधनावर आक्षेप आला: हा खर्च मनोरंजनाचा, आरोग्याच्या हेडखाली का? साहेब, आक्षेपाला उत्तर द्यायचं असतं. उत्तर लिहायला एक पान लागलं असतं आणि ते पान मी फुकट लिहून दिलं असतं. आक्षेप आला की उपक्रम बंद, हा सगळ्यात सोपा निपटारा आहे. दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखून ठेवायचं बंधन महापालिकेवर आहे. त्यातून हा खर्च कुणालाही न दुखवता बसतो. आणि खर्च तरी केवढा? बाईंचं मानधन, सुया, दोरे, रंग, कागद. कापड आमचं घरचं.

तिसरी तक्रार जास्त बोचणारी आहे. आठ मार्चला केंद्रात कार्यक्रम झाला. आम्हाला गुलाबाचं एकेक फूल मिळालं, वक्त्यांनी दीड तास सांगितलं की देव खास मुलं खास आयांनाच देतो, आणि दारावर मातृशक्तीला सलाम करणारा मोठा फ्लेक्स लागला. त्या फ्लेक्सवर आमच्या वर्गाचा फोटो होता, मुलांसकट, कुणाचीही परवानगी न घेता. त्यातल्या एकीने गावाकडे सासरी मुलाचं निदान अजून सांगितलं नव्हतं. फ्लेक्सचा फोटो फिरत फिरत गावी पोचला. पुढे तिच्या घरात काय झालं ते इथे लिहायचा मला अधिकार नाही. ज्या वर्गाचा फोटो छापायला चालतो तोच वर्ग वर्षाच्या आत मनोरंजन ठरतो, याचा मेळ तुम्हीच घाला. आणि त्या 'खास आया' प्रकाराबद्दल एकच सांगते: देवी म्हटलेल्या बाईला थकायची परवानगी नसते. आम्हाला फूल नको, खोली हवी.

चौथी. वर्गाच्या जागी काय दिलंत, तर भिंतीवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचं पोस्टर, १४४१६. ही सेवा २०२२ पासून आहे, चांगली आहे, मराठीत बोलता येतं, आणि मी स्वतः ती दोघींना सुचवली आहे. पण फोन करायला आधी एकांत लागतो. वन रूम किचनमध्ये सासू-सासरे, नवरा आणि मांडीवर मूल असताना बाई कुठे जाऊन बोलणार? केंद्रातलं मानसशास्त्रज्ञाचं पद तर मी येते आहे तेव्हापासून रिकामंच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तो आपल्या पालघरमधून. त्यात मुलांच्या अडचणींवर लहान वयातच उपचार करणाऱ्या जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक ही पदं आराखड्यातच धरलेली आहेत. महापालिकेचं केंद्र वेगळं, त्याचे नियम वेगळे, हे मान्य. गरज वेगळी नाही.

तुम्ही म्हणाल, तुमचे अनुभव ठीक, पुरावा काय. रास्त प्रश्न आहे.

शेजारच्या गोव्यापासून सुरू करू. तिथे बाळंतिणींचा अभ्यास झाला, २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं. पुढच्या वर्षी त्याच बाळांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष आले: नैराश्यातल्या आयांची बाळं सहा महिन्यांची होईपर्यंत वजनात आणि मानसिक विकासात मागे राहिलेली दिसली. ही सर्वसाधारण बाळंतिणींची गोष्ट झाली. ज्यांच्या मुलांना जन्मापासून अडचणी आहेत त्या आयांचा विचार तुम्हीच करा. त्याच्याही आधी, १९७०च्या दशकात, अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक प्रयोग केला होता. आई बाळाशी खेळता खेळता चेहरा एकदम निर्विकार करते. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, आणि उत्तर येत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं, रडकुंडीला येतं. काही मिनिटांतच हे होतं. आमच्यातल्या कितीजणींचे चेहरे महिनोन्‌महिने तसे असतात, हे बाकड्यावर बसून बघा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये लहान मुलांच्या विकासाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात मोजून चार शिफारशी आहेत आणि त्यातली एक अख्खी शिफारस आईच्या मानसिक आरोग्याला आधार देण्याची, तेही मुलांच्या आरोग्यसेवेचाच भाग म्हणून. कलेबद्दल म्हणाल तर याच संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये तीन हजारांहून जास्त अभ्यासांचा आढावा घेऊन कला आणि आरोग्याचा संबंध मांडला. इंग्लंडमध्ये १३४ बाळंतिणींवर झालेली एक चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला दहा आठवडे बाळांसह गाण्याचे वर्ग, दुसऱ्या गटाला खेळाचे, तिसऱ्याला नेहमीचीच देखभाल. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या आयांमध्ये गाणाऱ्या गटाला लवकर बरं वाटू लागलं. प्रामाणिकपणे हेही सांगते की दहा आठवड्यांअखेर तिन्ही गट सुधारले होते. फरक होता तो वेगाचा. पण पहिल्या वर्षात बाळाच्या मेंदूची वाढ कोणत्या गतीने होते ते तुम्ही आम्हाला प्रत्येक व्याख्यानात सांगता. तिथे वेगालाच किंमत आहे.

आणि घरच्याला धरल्याशिवाय पेशंट सुधारत नाही, हे आपल्याकडे दुसऱ्या एका क्षेत्राने कधीच ओळखलं. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' हा गट चालतो. दारू नवऱ्याची सोडवायची असते, तरी बायकोसाठी वेगळी बैठक. तिथे कुणी विचारत नाही की हिचा उपचाराशी थेट संबंध काय.

आमच्या मागण्या अशा आहेत.

नोटीस मागे घ्या आणि खोली महिन्याभरात रिकामी करून द्या. गठ्ठे उचलायला आम्ही हात लावू. जुने केसपेपर तिथे पडून ओले होताहेत, ते तुमच्यासाठीही बरं नाही.

वर्ग केंद्राच्या मंजूर कार्यक्रमात घ्या, दिव्यांग निधीतून त्याची स्वतंत्र तरतूद करा आणि बाईंचं मानधन दर महिन्याला द्या. त्यांचे मागचे काही महिने थकलेले आहेत. त्या बोलत नाहीत, म्हणून मी लिहिते. बाईंबरोबर दर सहा महिन्यांनी दुसरा एखादा कलाकार आला तर चांगलंच: भारूड करणारे, वारली चित्रं काढणारे, भजनी मंडळातले पेटीवाले. शहरात अशी माणसं आहेत आणि बोलावलं तर येतात.

मानसशास्त्रज्ञाचं पद भरा. वर्ग हा त्याला पर्याय नाही, हे आम्हीच सांगतो. ज्या पालकाला औषधांची गरज आहे त्याला महापालिकेच्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी देऊन पाठवण्याची पद्धत ठरवा, म्हणजे त्याला दहा रांगांत उभं राहावं लागणार नाही.

महिन्यातून एकदा वर्ग रविवारी ठेवा. बाप, नोकरी करणाऱ्या आया आणि या मुलांची भावंडं, यांना इतर दिवशी येताच येत नाही. भावंडांकडे तर आमचंही लक्ष कमी पडतं.

परवानगीच्या सहीशिवाय कुणाचाही फोटो काढू नका, छापू नका. तो फ्लेक्स ज्या ज्या ठिकाणी अपलोड केला आहे तिथून काढून टाका.

मोजमाप हवं असेल तर जरूर करा, पण नीट करा. नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ प्रश्नावली मराठीत उपलब्ध आहे. वर्गात येणाऱ्याला सुरुवातीला आणि सहा महिन्यांनी ती द्या. त्याच्या शेजारी होम प्रोग्रॅमची वही ठेवा: घरी आठवड्यातून किती दिवस स्ट्रेचिंग झालं, किती दिवस स्प्लिंट घातली. हे दोन आकडे एकत्र बघा. आकडे वाईट आले तर आपण बसून वर्ग कसा बदलायचा ते ठरवू. आकड्यांआधी कुलूप नको.

शेवटची मागणी: केंद्राबाबत यापुढे कोणताही निर्णय घेताना त्या बैठकीत दोन पालक असावेत, एक आई आणि एक बाप. आणि निर्णय लेखी, मराठीत, केंद्रात लावावा. कूलरवर नव्हे, फलकावर.

या पत्राचं उत्तर लेखी द्यावं ही विनंती. चर्चेला बोलावलंत तर आम्ही येऊ. बैठक मंगळवारी ठेवा, कारण सोमवारी आणि गुरुवारी मुलांची सेशन असतात आणि एक सेशन चुकलं की पुढची तारीख पंधरा दिवसांनी मिळते. आणि तळमजल्यावर ठेवा. तुमच्या इमारतीची लिफ्ट बंद आहे. आमच्यातल्या निम्म्या जणींना मुलाला घरी ठेवायची सोय नाही, तिसऱ्या मजल्यावर त्यांना उचलून चढावं लागेल.

आपली विश्वासू,
सात वर्षांच्या एका मुलाची आई
(गुरुवारच्या वर्गातल्या पालकांच्या वतीने)